सिम्युलेटेड बेसबॉल लीगचं हॉल ऑफ फेम: पहिलं मत देण्याआधी

आउट ऑफ द पार्क बेसबॉल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ओओटीपी, हा संगणकावरचा गेम १९९९ पासून चालत आला आहे. त्यात तुम्ही बॅट फिरवत नाही, संघ चालवता. खेळाडू घेता, विकता, कोणाला कुठल्या क्रमांकावर खेळवायचं ते ठरवता आणि सामने संगणक खेळतो. ऑनलाइन लीगमध्ये वीस-तीस माणसं एकेक संघ सांभाळतात. ठरलेल्या दिवशी सगळे आपापलं एक्स्पोर्ट (संघाच्या निर्णयांची फाइल) पाठवतात, कमिशनर (लीग चालवणारा) सिम चालवतो, म्हणजे संगणकाकडून सामने खेळवून घेतो, आणि नवी लीग फाइल सगळ्यांना मिळते. संगणकाच्या आधी हाच छंद फासे आणि कार्डांवर चालायचा. एपीबीए १९५१ मध्ये आलं, स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ मध्ये, आणि दोन्हींच्या लीग अमेरिकेत अजून चालतात.

अशी लीग पंधरा-वीस हंगाम टिकली की पहिली पिढी निवृत्त व्हायला लागते. जो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तुम्ही अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, घेतलात, तो अडतिसाव्या वर्षी निघून जातो. त्याचे आकडे फाइलमध्ये राहतात. पण त्या आकड्यांतलं काय लक्षात ठेवायचं, हे संगणक ठरवू शकत नाही. ते हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे निवृत्तांतल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सन्मान-दालनाच्या, मतदानाने ठरतं आणि मत तुम्ही देणार असता. म्हणून माझ्या मते संघाच्या कुठल्याही मोठ्या ट्रेडपेक्षा (खेळाडूंच्या अदलाबदलीपेक्षा) हे काम जास्त जबाबदारीचं आहे. ट्रेड फसली तर दोन हंगामांत सावरता येते. हॉलमध्ये गेलेला खेळाडू मात्र कायमचा गेला.

नव्याने लीगमध्ये आलेल्यांना पहिली मतपत्रिका आली की सहसा गोंधळायला होतं. समोर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी तुम्ही येण्याआधी खेळून गेलेली. कुठून सुरुवात करायची ते क्रमाने सांगतो.

१. आधी लीगची नियमावली वाचा

बहुतेक लीगचे नियम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावच्या खऱ्या हॉल ऑफ फेमवरून उचललेले असतात, तेव्हा मूळ साचा माहीत असलेला बरा. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. मत देतात ते बेसबॉल पत्रकार, ज्यांच्या संघटनेतलं सलग सदस्यत्व किमान दहा वर्षांचं असतं. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात. निवडून यायला ७५ टक्के मतं लागतात. पाच टक्क्यांच्या खाली गेलेला पुढच्या वर्षी यादीत राहत नाही आणि दहा वर्षांत निवड झाली नाही तर पत्रकारांची मतपत्रिका त्याला बंद होते. ही मुदत पूर्वी पंधरा वर्षांची होती, २०१४ मध्ये दहावर आणली.

यातला प्रत्येक नियम कधीतरी आलेल्या अडचणीतून तयार झालेला आहे. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन निवडून आले. कॉबला २२६ पैकी २२२ मतं होती. त्याच निवडणुकीत ५११ विजय नावावर असलेला पिचर (चेंडू टाकणारा) साय यंग मात्र पडला आणि एक वर्षाने आत गेला. नामांकित फलंदाज जो डिमॅजिओलाही १९५५ पर्यंत थांबावं लागलं. पाच वर्षांच्या प्रतीक्षेचा नियमही सुरुवातीपासूनचा नाही, तो १९५४ चा. तुमच्या लीगचे नियम कूपर्सटाउनहून वेगळे असतील तर त्यात वावगं काही नाही. ते लिहिलेले असावेत आणि मतदान सुरू झाल्यावर बदलू नयेत, एवढंच बघा.

नियमावलीत तीन गोष्टी मुद्दाम शोधा. निवृत्तीनंतर किती हंगाम थांबायचं? मतदार कोण, फक्त सध्याचे जीएम (संघ सांभाळणारी माणसं) की लीग सोडून गेलेले जुने जीएमसुद्धा? आणि मत माणसं देतात की संगणक? ओओटीपी स्वतःही निवडणूक घेऊ शकतं, टक्केवारीच्या अटी लीगच्या सेटिंगमध्ये घालता येतात. नुकती सुरू झालेली लीग असेल, मतदार जेमतेम सहा-सात असतील, तर हा मार्ग सोयीचा. पण संगणक कारण सांगत नाही. अमुक पिचर का गेला आणि तमुक का राहिला, यावर पुढे कोणाला वाद घालता येत नाही, आणि हॉलचा सगळा जीव त्या वादात आहे. दहा-बारा माणसं जरी मनापासून मत देणारी असली, तरी मी मतदान माणसांकडेच ठेवीन.

२. लहान लीगचा हिशेब वेगळा असतो

कूपर्सटाउनला चारशेच्या आसपास मतपत्रिका येतात. तुमच्याकडे वीस येतील. वीस मतदारांत ७५ टक्के म्हणजे पंधरा मतं आणि पाच टक्के म्हणजे फक्त एक. एका मित्राने भिडेखातर एक मत टाकलं तरी खेळाडू वर्षानुवर्षं यादीत राहतो. मतदार चोवीस असतील तर निवडीला अठरा मतं लागतात, आणि पाच टक्के म्हणजे १.२, म्हणून टिकायला दोन. तीस असतील तर २२.५, म्हणजे तेवीस. तेव्हा यादीत टिकण्याची अट टक्क्यांत न ठेवता सरळ मतांत ठेवावी, असं मी सुचवेन. वीस मतदारांच्या लीगला किमान तीन मतांची अट योग्य वाटते.

दहा नावांच्या मर्यादेचंही तेच. यादीतच बारा नावं असतील तर दहा निवडण्यात निवड कसली? पाचची मर्यादा ठेवली की मतदाराला विचार करावाच लागतो.

३. उमेदवाराआधी त्याचा काळ बघा

इथे मात्र वेळ काढून बसा. नवा मतदार सगळ्यात जास्त इथेच चकतो.

खऱ्या बेसबॉलमधली दोन वर्षं घ्या. १९३० मध्ये पूर्ण नॅशनल लीगची (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) बॅटिंग ॲव्हरेज, म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं (हिटचं) प्रमाण, .३०३ होती. त्या वर्षी बिल टेरीने .४०१ मारली आणि हॅक विल्सनने १९१ धावा घरी आणल्या. १९६८ मध्ये अमेरिकन लीगच्या अव्वल फलंदाजाची, कार्ल यस्त्रेम्स्कीची, ॲव्हरेज होती .३०१. म्हणजे एका वर्षी लीगचा सरासरी फलंदाज जे करत होता, ते दुसऱ्या वर्षी लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाजसुद्धा करू शकला नाही. त्याच १९६८ मध्ये पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तितका चांगला) १.१२ होता. शेवटी १९६९ ला पिचरचा माउंड (तो ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो) १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. नुसती .३०१ ही संख्या तुम्हाला काहीच सांगत नाही. ती कुठल्या वर्षाची, हे कळलं तरच तिला अर्थ येतो.

सिम्युलेटेड लीगमध्ये असे काळ आणखी वेगाने बदलतात. कमिशनर लीगच्या सेटिंगमध्ये धावांचं प्रमाण बदलू शकतो. गेमची नवी आवृत्ती आली की लीग तिच्यावर हलवली जाते आणि कधीकधी होम रनचं (मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्यांचं) प्रमाणच बदलून जातं. चार नवे संघ वाढवले की दोन-तीन हंगाम पिचिंग पातळ होतं आणि त्या हंगामांतले फलंदाजांचे आकडे फुगतात. यातलं काहीही खेळाडूच्या पानावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मतपत्रिका हातात आली की आधी लीगच्या इतिहासाचं पान उघडा. प्रत्येक हंगामाची लीगची एकूण बॅटिंग ॲव्हरेज, ईआरए आणि होम रन एका कागदावर उतरवून घ्या. कुठे उडी दिसते तिथे खूण करा. मग लीगमधल्या एखाद्या जुन्या जीएमला विचारा, त्या वर्षी काय झालं होतं. जुनी माणसं हे सांगायला आनंदाने तयार असतात, आणि लीगचा इतिहास समजून घ्यायचा यापेक्षा सोपा रस्ता नाही.

त्यानंतर ओपीएस प्लस (फलंदाजीचं माप) आणि ईआरए प्लस (पिचिंगचं माप) बघा. दोन्हींत १०० म्हणजे त्या वर्षीच्या लीगची सरासरी. १४० म्हणजे सरासरीहून खूपच वर. मैदानाचा परिणामही त्यात धरलेला असतो. मैदान किती फरक पाडतं, हे लॅरी वॉकरच्या बाबतीत दिसलं. तो डेन्व्हरच्या उंचीवरच्या, फलंदाजांना सढळ मदत करणाऱ्या मैदानात खेळायचा. मतदार त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. २०१४ मध्ये त्याला फक्त १०.२ टक्के मतं होती. लोकांनी मैदानाचा हिशेब नीट मांडून दाखवला आणि २०२० मध्ये, अगदी शेवटच्या दहाव्या वर्षी, तो ७६.६ टक्क्यांनी आत गेला. तुमच्या लीगमध्येही असा एखादा वॉकर असेल. त्याच्या संघाचा पार्क फॅक्टर (मैदान किती फरक पाडतं त्याचं माप) बघितल्याशिवाय त्याच्या होम रनवर बोलू नका.

४. पहिल्या हंगामातले म्हातारे

काल्पनिक लीग सुरू होते तेव्हा पहिल्याच ड्राफ्टमध्ये तेहेतीस-चौतीस वर्षांचे खेळाडूही असतात. त्यांना भूतकाळ नसतो. चांगली बारा वर्षं त्यांनी कुठेतरी घालवली असणार, पण फाइलमध्ये त्यांचा पहिला सामना वयाच्या चौतिसाव्या वर्षी. असा एखादा पिचर चार हंगाम लीग गाजवतो, दोनदा सर्वोत्तम पिचर ठरतो, पहिलं विजेतेपद जिंकून देतो आणि निवृत्त होतो. विजय बहात्तर. दहा हंगामांच्या अटीत तो बसतच नाही.

याचं काय करायचं हे प्रत्येक लीगने लवकरात लवकर ठरवावं. मला पटतो तो मार्ग असा: पहिल्या पाच-सहा हंगामांत निवृत्त झालेल्यांसाठी वेगळी ‘आद्य खेळाडू’ यादी करावी आणि त्यांचा एकदाच, एकत्र विचार करावा. कूपर्सटाउननेही अपवाद केले आहेत. ॲडी जॉस नऊच हंगाम खेळून १९११ मध्ये मरण पावला. दहा हंगामांची अट त्याच्यापुरती बाजूला ठेवून १९७८ मध्ये त्याला हॉलमध्ये घेतलं. रोबेर्तो क्लेमेंतेचं ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात निधन झालं, तेव्हा पाच वर्षांची प्रतीक्षा माफ करून १९७३ मध्येच त्याची निवड झाली. तुमच्या लीगमध्ये विमानं पडत नाहीत, पण कारकीर्द संपवणाऱ्या दुखापती होतात. त्यांच्यासाठी एक ओळ नियमावलीत आधीच असू द्या.

५. शिखर की लांबी

दोन पिचर घ्या, दोघेही डॉजर्स संघाचे. सँडी कोफॅक्सचे विजय १६५. पण शेवटच्या पाच वर्षांत, १९६२ ते १९६६, सलग पाच वेळा त्याचा ईआरए नॅशनल लीगमध्ये सर्वात कमी, तीन साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा), आणि तिसाव्या वर्षी निवृत्ती. डॉन सटनचे विजय ३२४. साय यंग एकही नाही, वीस विजयांचा हंगाम एकच. कोफॅक्स पहिल्याच वर्षी निवडून आला, सटनला पाचव्या खेपेपर्यंत थांबावं लागलं. आज दोघेही हॉलमध्ये आहेत आणि माझ्या मते दोघेही तिथे असायला हवेत.

तुमच्या यादीतही हे दोन प्रकार सापडतील. त्यांना एका मापाने मोजायला बेसबॉल लेखक जे जॅफीची जॉज पद्धत सोपी आहे. आधी वॉर म्हणजे काय ते: एखाद्या खेळाडूऐवजी सहज मिळणारा पर्यायी खेळाडू खेळवला असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते, त्याचा अंदाज. जॉजमध्ये खेळाडूचा कारकिर्दीचा एकूण वॉर घ्यायचा, त्याच्या सर्वोत्तम सात हंगामांच्या वॉरची बेरीज घ्यायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. समजा, एका शॉर्टस्टॉपचा एकूण वॉर ६८ आणि सर्वोत्तम सात हंगामांचा ४०. त्याचा आकडा ५४. दुसऱ्याचा एकूण ५२, पण सात हंगामांचा ४८. त्याचा ५०. वरवर सोळा वॉरचं दिसणारं अंतर चारवर येतं, कारण दुसऱ्याने आपलं जवळजवळ सगळं त्या सात वर्षांत दिलं आहे.

हा आकडा कूपर्सटाउनच्या सरासरीशी ताडून बघू नका. ओओटीपी आपला वॉर आपल्या पद्धतीने मोजतं आणि तुमच्या लीगची घडण वेगळी. तुलना करा ती तुमच्याच हॉलमध्ये आधी गेलेल्या त्याच जागेवरच्या खेळाडूंशी. कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) कॅचरशी, पिचर पिचरशी. कॅचरला दर चार-पाच सामन्यांत विश्रांती द्यावी लागते, त्यामुळे त्याची बेरीज नेहमीच लहान दिसते. रिलीफ पिचरचं (सामन्यात नंतर उतरणाऱ्या पिचरचं) तर विचारूच नका. तो वर्षाला सत्तर इनिंग टाकणार, सुरुवातीचा पिचर दोनशे. वॉरवर दोघांना तोललं तर एकही रिलीफ पिचर कधी हॉलमध्ये जाणार नाही. आणि तरी १०० टक्के मतं मिळवणारा इतिहासातला एकमेव खेळाडू रिलीफ पिचरच आहे: मारियानो रिव्हेरा, २०१९, ४२५ पैकी ४२५. डेरेक जीटर २०२० मध्ये एका मताने आणि इचिरो सुझुकी २०२५ मध्ये एका मताने शंभर टक्क्यांना हुकले.

वॉर मुळीच न बघण्यातही धोका आहे. सेकंड बेसमन लू व्हिटेकरचा वॉर पंचाहत्तरच्या घरात, पण २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्के मतांवर तो यादीतून गळाला. हॅरोल्ड बेन्सचे हिट २८६६, वॉर व्हिटेकरच्या जवळपास निम्मा, आणि तो २०१९ मध्ये हॉलमध्ये पोहोचला. हिट आणि होम रन डोळ्यात भरतात. चांगली फील्डिंग, मिळवलेले वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस), अवघड जागेवर उभं राहून केलेली फलंदाजी डोळ्यात भरत नाही. मतदाराने ती शोधून काढायची असते.

६. आकड्यांपलीकडचे प्रश्न

क्लीव्हलंडच्या थर्ड बेसमन केन केल्टनरला हॉलमध्ये घ्यावं का, या चर्चेतून बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी प्रश्नांची एक यादी तयार केली. ती केल्टनर लिस्ट म्हणून ओळखली जाते. १९४१ मध्ये जो डिमॅजिओची ५६ सामन्यांची हिटची मालिका थांबली, ती याच केल्टनरच्या दोन अप्रतिम झेपांमुळे. यादीतले प्रश्न साधे आहेत. हा कधीतरी बेसबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू मानला गेला का? आपल्या संघातला सर्वोत्तम होता का? आपल्या जागेवरचा सर्वोत्तम होता का? त्याच्यामुळे खेळ काही बदलला का?

सिम्युलेटेड लीगला हे प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात, आणि मी त्यांत आणखी दोन घालतो. एक, ड्राफ्टच्या वेळी सगळे जीएम याच्याबद्दल काय बोलत होते? पहिल्या फेरीतून मोठ्या अपेक्षेने आलेला आणि तेराव्या फेरीतून अचानक वर आलेला, दोघांचे आकडे सारखे असले तरी लीगला त्यांची गोष्ट वेगळी आठवते. दोन, त्याच्याविरुद्ध खेळताना बाकीचे संघ आपली आखणी बदलत होते का? डावखुऱ्या फलंदाजांना बसवणं, त्याच्या संघाशी मालिका असेल तेव्हा रोटेशन (पिचरांचा ठरलेला क्रम) मागेपुढे करणं. हे फाइलमध्ये सापडत नाही, फक्त माणसांच्या आठवणीत असतं. माणसांनी मतदान करायचं ते एवढ्यासाठीच.

प्लेऑफचे (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेरीचे) सामनेही बघा, पण बेताने. सात सामन्यांच्या एका मालिकेत कोणीही सामान्य खेळाडू चमकू शकतो. दहा वर्षांत सहा वेळा प्लेऑफ खेळून दरवेळी बरं खेळला असेल, तर ती गोष्ट मोजण्यासारखी आहे.

७. स्वतःचा खेळाडू यादीत असेल तेव्हा

असणारच. तुम्ही पंधरा वर्षं सांभाळलेला सेंटर फील्डर तिथे दिसला की हात आपोआप त्याच्या नावाकडे जातो.

यात खऱ्या हॉलचंही पाऊल घसरलेलं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकारांच्या मतदानातून राहून गेलेल्यांची निवड करणाऱ्या दिग्गजांच्या समितीत जुने खेळाडू फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी बसले होते. त्या काळात जेसी हेन्स, डेव्ह बॅनक्रॉफ्ट, चिक हॅफी, जॉर्ज केली हे त्यांचे जुने सहकारी एकामागून एक आत गेले. आजही हॉलमधल्या सगळ्यात कमकुवत निवडींची चर्चा निघाली की यांची नावं निघतात. याचा त्रास त्या खेळाडूंनाच होतो. चांगले खेळाडू होते ते, आणि त्यांचं नाव निघतं ते फक्त ‘हा कसा काय आत गेला?’ या प्रश्नासोबत.

मी एक पद्धत सुचवतो. आपल्या खेळाडूचं नाव झाकून त्याच्या आकड्यांची ओळ यादीतल्या दुसऱ्या दोन खेळाडूंच्या शेजारी लिहा आणि लीगमधल्या तिसऱ्या जीएमला दाखवा. तो कोणाला निवडतो ते बघा. मत द्यायचं की नाही हे त्यानंतरही तुमचंच. मत दिलंत तर कारण उघडपणे लिहा. आपल्या खेळाडूची बाजू मांडणारा लेख लिहिण्यात गैर काहीच नाही, उलट तो तुम्हीच लिहायला हवा, कारण त्याला तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. त्यात त्याच्या कमी बाजूही असू द्या.

८. मतपत्रिका भरताना

तीन फेऱ्यांत भरा. पहिल्या फेरीत ज्यांच्याबद्दल शंकाच नाही ती नावं. दुसऱ्या फेरीत ज्यांच्यासाठी तुम्ही वाद घालायला तयार आहात ती. मग थांबा, एक दिवस जाऊ द्या, आणि उरलेल्या नावांकडे पुन्हा बघा.

जागा कमी आणि लायक नावं जास्त असं झालं, तर कोणाला या वर्षी तुमच्या मताची खरी गरज आहे ते बघा. २०१३ मध्ये कूपर्सटाउनच्या मतपत्रिकेवर इतकी मोठी नावं एकदम आली की मतं विखुरली आणि कोणीच निवडून आलं नाही. क्रेग बिजिओ ६८.२ टक्क्यांवर अडकला. त्या गर्दीत केनी लॉफ्टनला ३.२ टक्के मतं मिळाली आणि तो पहिल्याच वर्षी कायमचा यादीबाहेर गेला. त्याच्या बाजूने बोलायला कोणाला सवडच मिळाली नाही. उलट स्कॉट रोलन २०१८ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता. यादीत टिकला, लोकांना विचार करायला वेळ मिळाला, आणि २०२३ मध्ये ७६.३ टक्क्यांनी निवडून आला. म्हणून काठावरच्या खेळाडूला यादीत टिकवण्यासाठी दिलेलं मत मला वाया गेलेलं वाटत नाही.

‘पहिल्याच वर्षी नको, पुढच्या वर्षी देऊ’ हा विचार मात्र करू नका. खेळाडू निवृत्त झालेला आहे. पुढच्या वर्षी त्याचा एकही हिट वाढणार नाही.

भारतातून खेळणाऱ्यांनी मुदतीची वेळ नीट तपासावी. बऱ्याच लीग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालतात. रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९ आणि तिकडचं घड्याळ नोव्हेंबरात मागे गेलं की १०:२९. पुण्या-नाशकाच्या माणसाला सकाळच्या चहासोबत शेवटची नजर टाकून मत पाठवता येतं, तशी ही वेळ बरीच सोयीची.

९. मोजणी आणि नोंद

कमिशनरपद तुमच्याकडे आलं असेल तर हे तुमच्यासाठी. मोजणी एकट्याने करू नका, दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्या. कोरी मतपत्रिका आली तर ती एकूण संख्येत धरायची की नाही, हे आधी जाहीर करा. कूपर्सटाउन धरतं. २०२१ मध्ये ४०१ मतपत्रिका आल्या, त्यात १४ कोऱ्या. कर्ट शिलिंग २८५ मतांवर थांबला, ३०१ हवी होती, आणि त्या वर्षी कोणीच निवडून आलं नाही. मुदतीत न पाठवलेलं मत आणि मुद्दाम कोरं पाठवलेलं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्केवारी वरच्या आकड्याकडे ढकलू नका. ७४.८ म्हणजे ७५ नाही. २०१४ मध्ये बिजिओ बरोबर तिथेच, दोन मतांनी अडला आणि एक वर्ष थांबला.

निकाल लागला की आधी लीग फाइलची प्रत काढून ठेवा, मग कमिशनर मोडमध्ये जाऊन निवडलेल्या खेळाडूंना हॉलमध्ये घाला. सगळ्यांची मतसंख्या, निवडून न आलेल्यांचीसुद्धा, लीगच्या कायमच्या नोंदीत लिहा. दहा वर्षांनी कोणीतरी विचारेल की अमक्याला पहिल्या वर्षी किती मतं होती, आणि उत्तर असायला हवं.

१०. फलकावरचा मजकूर

निवडलेल्या खेळाडूच्या हॉलमधल्या फलकावर काय लिहायचं, हे काम सहसा ज्याच्या संघात तो जास्त वर्षं खेळला त्या जीएमकडे येतं. घाई करू नका. नाव, टोपणनाव असेल तर ते, संघ आणि वर्षं, त्याखाली चार-पाच ओळी. एका ओळीत तो काय करायचा ते, एका ओळीत सर्वात मोठा हंगाम, एका ओळीत लीगला आठवणारा एखादा प्रसंग. सगळे पुरस्कार यादीसारखे ओतू नका, ते खेळाडूच्या पानावर आहेतच. ‘महान’, ‘अतुलनीय’ असे शब्द टाळा. ‘सलग चार वर्षं लीगमधला सर्वात कमी ईआरए’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं.

फलकावरच्या चित्रात टोपी कुठल्या संघाची, यावरून दोन जीएममध्ये ताण येऊ शकतो. सर्वाधिक वॉर ज्या संघासाठी, त्याची टोपी, असा साधा नियम ठेवा. दोन्हीकडे सारखंच असेल तर बोधचिन्हाशिवाय टोपी ठेवायला हरकत नाही. २०१४ मध्ये आत गेलेल्या ग्रेग मॅडक्सच्या फलकावर तशीच टोपी आहे, कारण शिकागो आणि अटलांटा यांतून एक निवडणं त्याला नको होतं.

११. राहून गेलेल्यांसाठी

मुदत संपलेल्यांसाठी आणि पहिल्याच वर्षी गळलेल्यांसाठी एक वेगळी समिती असावी. कूपर्सटाउनमध्ये ती सोळा जणांची असते आणि बारा मतं लागतात. फ्रेड मॅकग्रिफला डिसेंबर २०२२ मध्ये सोळापैकी सोळा मिळाली. पत्रकारांच्या मतपत्रिकेवर तो दहा वर्षं राहून एकदाही पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचला नव्हता. लहान लीगमध्ये पाच जणांची समिती, चार मतांची अट आणि दर तीन-चार हंगामांनी एक बैठक, एवढं पुरतं. समितीत निदान दोघे असे हवेत, ज्यांनी तो काळ स्वतः पाहिला आहे, आणि निदान एक असा, जो लीगमध्ये त्यानंतर आला आहे. एका बैठकीत जास्तीत जास्त दोघांची निवड करावी, आणि ज्याच्या संघात उमेदवार खेळला त्या जीएमने त्या उमेदवारापुरतं मत देऊ नये.

पुढच्या सिमनंतर हॉलचं पान उघडून नवी नावं नीट दिसतात का ते बघा. मग पुढच्या हंगामात पात्र होणाऱ्यांची यादी लगेच जाहीर करा, म्हणजे ज्यांना बाजू मांडायची आहे त्यांना पूर्ण हंगाम मिळेल.